सोळा पानांचं कॉमिक: घरी काढा, कोपऱ्यावर छापा

‘कॉमिक करायचंय’ म्हणत माझ्याकडे जे येतात, त्यांच्या डोक्यात बहुतेक वेळा दोनशे पानांची महागाथा असते. सात राज्यं, तीन घराणी, एक शापित तलवार. ती राहू द्या. आधी १६ पानं पूर्ण करा, छापा आणि अनोळखी माणसांच्या हातात द्या. तेवढीही जड वाटत असतील, तर दिल्लीच्या वर्ल्ड कॉमिक्स इंडिया या संस्थेनं गावोगावी शिकवलेली पद्धत धरा: दोन ए-फोर कागद जोडायचे, चार चौकटींत गोष्ट संपवायची आणि झेरॉक्स काढून भिंतीवर डकवायची.

सोळाच का, तर ए-फोरचे चार कागद मधोमध दुमडले की ए-फाइव्ह आकाराची १६ पानं होतात. पानं कायम चारच्या पटीत लागतात. चित्राला हात घालण्याआधी कोऱ्या कागदांची डमी बनवा, पानांवर आकडे टाका आणि कागद सुटे करून बघा. सगळ्यात बाहेरच्या कागदावर एका बाजूला १६ आणि १, मागे २ आणि १५. शेजारशेजारच्या आकड्यांची बेरीज दरवेळी १७ यायला हवी.

गोष्टही याच डमीत बसवा. काडीची माणसं चालतील. विषम पान उजवीकडे येतं, म्हणजे वाचक उलटतो ते हेच पान. दाराच्या कडीवर हात ठेवलेली चौकट त्याच्या तळाशी हवी, दारामागचं भूत पान उलटल्यावर. समोरासमोरच्या पानांवर दोन्ही आलं तर भूत आधीच दिसतं, मग कितीही झकास काढा.

अक्षरांकडे सगळे सर्वांत शेवटी वळतात. मला हे अजिबात पटत नाही. देवनागरीत वर मात्रा नि रफार, खाली उकार; इंग्रजी कॉमिक बघून तेवढाच संवादाचा फुगा काढलात की ओळी एकमेकींच्या डोक्यावर बसतात. म्हणून मी पेन्सिलनं आधी संवाद लिहिते, त्याभोवती फुगा काढते आणि उरलेल्या जागेत माणूस उभा करते. एका फुग्यात तीन-चार ओळी पुष्कळ झाल्या. जो आधी बोलतो त्याला डावीकडे उभं करा, नाहीतर फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना छेदतात.

हातानं लिहिता आलं तर फारच छान. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत टाइप करणार असाल तर प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात जाऊन दक्षिण आशियाई लिप्या पेलणारं टेक्स्ट इंजिन निवडा. ते राहिलं की ऱ्हस्व वेलांटी भलत्याच बाजूला जाते, जोडाक्षरं फुटतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचे ‘बालू’ आणि ‘मोदक’ हे फॉन्ट फुकट मिळतात. मोदक इतका गुबगुबीत आहे की ‘धप्प!’ त्यातच शोभतं. संवादाला तो लावू नका, वाचवत नाही.

शाईचा हात बसवायला जुन्या लोकांची पानं गिरवा. पुण्याच्या प्रताप मुळीकांनी अमर चित्र कथेचे कितीतरी अंक काढले, राज कॉमिक्सचा सुपरहिरो नागराजही काढला. त्यांचं एखादं पान वहीत ब्रशनं उतरवून बघा, घोड्याचा पाय कसा संपतो ते कळेल. वहीत म्हणतेय, छापायला नव्हे.

काळी रेषा ६०० डीपीआयला (इंचामागे ६०० ठिपके) स्कॅन करा. दुकानातल्या साध्या मशीनवर कडेला पांढरी पट्टी राहतेच, तेव्हा चित्र काठापर्यंत नेऊ नका. आतला कागद ८० जीएसएम (चौरस मीटरला ८० ग्रॅम) पुरे. दुकानदाराला ‘दोन्ही बाजूंनी, शॉर्ट एज’ (म्हणजे कागद आखूड कडेवरून उलटवून) असं स्पष्ट सांगा, नाहीतर मागची पानं डोकं खाली करून येतात. आधी एकच प्रत काढून घ्या. नेहमीचा स्टेपलर दुमडीपर्यंत पोचत नाही. लांब हाताचा आणा किंवा सरळ सुईदोऱ्यानं शिवा.

वाचायला दिल्यावर शेजारी उभं राहून समजावू नका. ‘आवडलं का?’ विचारलं की आपली माणसं ‘छान आहे’ म्हणतात, विषय संपला. ‘कुठे मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं?’ असं विचारा आणि तिथे खूण करा. चित्रकार मित्र बोटांच्या लांबीवर बोलतील. त्यांचं ऐका, पण वाचक बोटं मोजत नाही.

दिवाळी अंकांनी व्यंगचित्रांना हक्काचं घर दिलं, सलग गोष्टीच्या कॉमिकला तेवढं नाही. तरी दोन पानी काळी-पांढरी गोष्ट पाठवून बघा, मात्र पावसाळ्यातच. गणपतीनंतर पानं भरलेली असतात. कॉमिक कॉनमध्ये, म्हणजे कॉमिकवाल्यांच्या जत्रेत, टेबल एकट्यानं परवडत नसेल तर तिघा-चौघांत घ्या. शेजारच्यांशी प्रतींची अदलाबदल करा, त्यातून पुढचा लेखक किंवा रंग भरणारा सापडतो. रंग, अक्षरं ज्यांनी केली त्यांची नावं पहिल्या पानावर ठळक छापा, ‘विशेष आभार’मध्ये कोंबू नका. किंमत सुट्या पैशांची भानगड होणार नाही अशी ठेवा. मुलं उभ्याउभ्या अख्खा अंक वाचून काढतील, वाचू द्या. ती कुठल्या पानावर हसतात ते बघत बसा.