धुळीची ॲलर्जी: आधी अंथरूण, मग केरसुणी

सकाळी उठल्याउठल्या ओळीनं दहा-पंधरा शिंका, नाक चोंदलेलं, डोळे चुरचुरतायत आणि घराबाहेर तास-दोन तास गेले की बरं वाटतं. असं रोज होत असेल, तर रस्त्यावरच्या तांबड्या धुळीआधी आपल्या अंथरुणाकडे बघा.

गादी, उशी आणि वाकळेत धूळकिडे राहतात. मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढेही नसतात, त्यामुळे डोळ्यांना दिसत नाहीत. आपल्या कातडीचा झडलेला कोंडा हे त्यांचं खाणं. पाणी ते पीत नाहीत, हवेतली ओल अंगात शोषून घेतात. म्हणून खानापूर-बेळगावकडच्या पावसाळ्यात त्यांची चंगळ असते. त्रास मुख्यतः त्यांच्या विष्ठेनं होतो. तिचे कण जड असतात. अंथरूण झटकलं की उडतात आणि साधारण अर्ध्या तासात परत खाली बसतात. हवा शुद्ध करणारं महागडं यंत्र इथं कमी पडतं ते याचमुळं: कण हवेत थोडा वेळ आणि उशीत रात्रभर असतात. पैसे मोजकेच असतील तर ते आधी उशी-गादीवर घाला.

चादरी, अभ्रे आणि पांघरुणं दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा. गार पाण्यानं विष्ठा बरीचशी निघून जाते, पण किडे जिवंत राहतात. ते मरायला कपडा 55 ते 60 अंशाच्या पाण्यात किमान दहा मिनिटं बुडालेला हवा. बंबातलं अंघोळीचं पाणी एवढं गरम नसतं. दोन भाग उकळतं पाणी आणि एक भाग गार असं मिसळलं की सत्तरच्या आसपास येतं. कपडे बुडवल्यावर ते उतरतं, म्हणून थोडं जास्तच घ्यावं. झाकण ठेवून वीस मिनिटं भिजू द्या, काठीनं खाली दाबा, मग नेहमीसारखे धुवा. लहान मुलांना न्हाणीपासून लांब ठेवा. रंग जाणारी लुगडी यात घालू नका. मुलांची कापडी खेळणी पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये एक दिवस ठेवा आणि मग धुवा. नुसतं गोठवल्यानं किडे मरतात, विष्ठा तशीच राहते.

जुन्या लुगड्यांची वाकळ जड असते. नवरात्राच्या आधी सगळ्या वाकळा धुवायची आपली रीत चांगलीच आहे, पण वर्षातून एकदा पुरत नाही. रोज वापरातली वाकळ महिन्याला धुवा. कापसाची गादी धुता येत नाही. तिला कडक उन्हात तापलेल्या पत्र्यावर तीन-चार तास टाका आणि मध्ये एकदा उलटा. एकाच बाजूनं तापली तर किडे खालच्या गार बाजूला सरकतात. नंतर अंगणात काठीनं बडवा, घरात नको. ज्याला त्रास आहे त्यानं हे काम करू नये. करावंच लागलं तर एन-95 मास्क लावून करावं. गादीवर आणि उशीवर चेन असलेलं, घट्ट विणीचं धूळकिडेरोधक कव्हर सगळ्या बाजूंनी चढवा. साधा अभ्रा त्याच्या वरून घाला. प्लास्टिकच्या कव्हरनं घाम येतो आणि लोक ते आठवड्यात काढून टाकतात.

एक सवय मात्र बदला: उठल्याबरोबर वाकळेची घडी घालू नका. रात्रीचा घाम तिच्यातच राहतो. तासभर वलनीवर पसरून ठेवा, मग घडी घाला.

आता केरसुणी. कोरडं झाडलं की बसलेली धूळ पुन्हा उडते. फरशी आधी ओल्या फडक्यानं पुसा. दोन बादल्या घ्या, एक फडकं बुडवायला, दुसरी पिळायला. पंख्याच्या पात्यावर जुना अभ्रा मोज्यासारखा चढवून मागं ओढा, म्हणजे धूळ अभ्र्यातच राहते. कौलारू घरात वरून सतत काहीतरी झडत असतं. खाटेच्या वर कापड ताणून बांधा आणि महिन्याला उतरवून धुवा. उतरवताना आधी पाणी शिंपडा, नाहीतर महिनाभराची धूळ एकदम अंगावर येते.

जून ते सप्टेंबर घरातली ओल 50 टक्क्यांखाली आणणं आपल्याकडे अवघडच. तरी कपडे निजायच्या खोलीत वाळवू नका, खाट ओल्या भिंतीपासून वीतभर सरकवा आणि ऊन पडलं की खिडक्या उघडा. भिंतीवर काळे डाग आले तर साबणाच्या पाण्यानं घासून कोरडे करा.

निपाणी भागात घरीच बिड्या वळतात. ती तंबाखूची धूळ किड्यांची नव्हे, पण आधीच सुजलेल्या नाकाला आणि छातीला झोंबते. सूप आणि पानं निजायच्या खोलीबाहेर, पडवीत ठेवा, काम झाल्यावर हात-तोंड धुवा आणि कपडे बदलूनच अंथरुणावर या. पिंजर (पेंढा) रचलेल्या सोप्यातही तेच: त्याच्या शेजारी झोपू नका.

एवढं करूनही फरक पडायला काही आठवडे लागतात, कारण किडे मेले तरी जुनी विष्ठा गादीत असतेच. तोवर डॉक्टरांनी दिलेलं औषध किंवा पंप स्वतःहून बंद करू नका. छातीत घरघर होत असेल, बोलताना धाप लागत असेल, तर साफसफाई बाजूला ठेवून लगेच दवाखान्यात जा.