घराची सुरक्षा यंत्रणा: कोणता भाग कोणते काम करतो

ठाणे आणि नवी मुंबईत घराच्या सुरक्षेची चौकशी बहुधा ‘चार कॅमेरे बसवायला किती खर्च येईल?’ या प्रश्नानेच सुरू होते. प्रश्न रास्त आहे, परंतु तो विचारण्यापूर्वी आणखी एक गोष्ट ठरवायला हवी. कॅमेरा घडलेल्या प्रकाराची नोंद ठेवतो; तो कोणाला अडवत नाही, आणि त्या क्षणी मोबाइल कोणी पाहत नसेल, तर कोणाला कळवतही नाही. सुरक्षा यंत्रणेकडून आपल्याला चार निरनिराळी कामे हवी असतात: आत शिरू पाहणाऱ्याला उशीर लावणे, तो शिरत आहे हे ओळखणे, ते योग्य व्यक्तीला कळवणे आणि झालेला प्रकार नोंदवून ठेवणे. कोटेशन हातात आले की त्यातील प्रत्येक ओळीपुढे तो भाग यांपैकी कोणते काम करतो, हे पेन्सिलीने लिहावे. पुष्कळदा असे आढळते की सगळा पैसा नोंद ठेवण्यावर चालला आहे आणि कळवण्यासाठी काहीच घेतलेले नाही.

दार आणि खिडक्या

उशीर लावण्याचे काम विजेशिवाय होते, म्हणून त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. घोडबंदर रस्त्यावरील टॉवरमध्ये वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना मुख्य दार आणि डक्टच्या, म्हणजे पाइप जाणाऱ्या मोकळ्या पोकळीच्या बाजूची खिडकी एवढ्याच जागा तपासाव्या लागतात. वाशी, नेरुळ किंवा कोपरखैरणे येथील रो-हाउसमध्ये मागचे दार आणि गच्चीचे दार ही खरी नाजूक ठिकाणे असतात. नौपाड्यासारख्या भागातील जुन्या इमारतींत पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत सांडपाण्याचा पाइप सहज पोहोचवतो. एकदा दिवसा आणि एकदा अंधार पडल्यावर घराभोवती बाहेरून फिरून पाहिले, तर यादी आपोआप तयार होते.

कुलूप कितीही चांगले असले, तरी त्याचा दांडा चौकटीतील ज्या पट्टीत जातो, ती पट्टी अर्ध्या इंचाच्या स्क्रूवर उभी असेल, तर एका जोरदार धक्क्यात सगळे उखडते. सुताराला बोलावून तेथे चौकटीच्या लाकडात खोलवर जाणारे लांब स्क्रू लावून घ्यावेत. या यादीतील हे सर्वांत स्वस्त काम आहे. जाळीच्या सेफ्टी डोअरला आतून वेगळे लॅच असावे. खिडक्यांना ग्रिल बसवताना एका ग्रिलला उघडणारी चौकट ठेवावी आणि तिची किल्ली घरातील प्रत्येकाला माहीत असलेल्या जागी ठेवावी, कारण आग लागल्यास बाहेर पडण्याची वाट तीच असते.

डिजिटल लॉक घेण्यापूर्वी दाराची जाडी मोजावी आणि आतील दार व सेफ्टी डोअर यांच्यामध्ये हँडल मावेल एवढी जागा आहे का, हे पाहावे. ही लॉक बॅटरीवर चालतात. बॅटरी पूर्ण उतरल्यास बाहेरून तात्पुरती वीज देण्याची सोय आणि साधी किल्ली, या दोन्ही गोष्टी असलेलेच मॉडेल निवडावे. ती साधी किल्ली मात्र घरातल्या कपाटात ठेवून उपयोग नाही.

ओळखणारे भाग

दाराखिडक्यांसाठीचा मॅग्नेटिक सेन्सर हा सर्वांत साधा आणि माझ्या मते सर्वांत विश्वासू भाग आहे. त्याचे दोन तुकडे असतात. एका तुकड्यात रीड स्विच, म्हणजे काचेच्या बारीक नळीत बंद केलेल्या दोन लोखंडी पट्ट्या असतात, तर दुसऱ्यात लोहचुंबक असते. दार बंद असताना चुंबक जवळ असल्यामुळे पट्ट्या एका स्थितीत राहतात. दार उघडताच चुंबक दूर जाते, पट्ट्यांची स्थिती बदलते आणि पॅनेलला, म्हणजे यंत्रणेच्या मुख्य पेटीला, इशारा मिळतो. चुंबकाचा तुकडा हलणाऱ्या दारावर आणि दुसरा तुकडा चौकटीवर बसवावा. दोन्हींमधील अंतर किती चालते, हे खोक्यावर लिहिलेले असते. छोट्या सेन्सरांत ते सहसा एक-दोन सेंटिमीटरच असते.

आपल्याकडे खरी गंमत जूनमध्ये सुरू होते. लाकडी दार पावसाळी हवेत फुगते, चौकटीत पूर्ण बसेनासे होते आणि नीट ढकलले नाही, तर काही मिलिमीटर बाहेरच राहते. उन्हाळ्यात अगदी मर्यादेवर बसवलेला सेन्सर मग दार ‘उघडे’ असल्याचे दाखवू लागतो आणि डिजिटल लॉकचा दांडाही खाचेत शिरताना अडखळतो. त्यामुळे बसवतानाच दोन तुकड्यांमधील अंतर मर्यादेच्या निम्म्याहून कमी ठेवावे आणि पहिल्या दमदार पावसानंतर दार घासत असल्यास सुताराकडून रंधा मारून घ्यावा. दार लोखंडी असेल, तर चुंबकाचा प्रभाव कमी होतो. अशा दारासाठी वेगळा, जाड बनावटीचा सेन्सर मिळतो, तो मागून घ्यावा.

दुसरा महत्त्वाचा भाग म्हणजे हालचाल ओळखणारा पीआयआर सेन्सर. तो स्वतः कोणतेही किरण सोडत नाही. माणसाच्या शरीरातून निघणारी उष्णता त्याच्या पुढच्या पांढऱ्या भिंगाने पाडलेल्या पट्ट्यांपैकी एका पट्टीतून दुसरीत सरकली की तो जागा होतो. या एका गोष्टीवरून त्याची जागा ठरते. माणूस सेन्सरच्या समोरून आडवा गेला, तर तो चटकन पकडला जातो. सरळ सेन्सरकडे चालत आला, तर उशिरा. म्हणून दारासमोरच्या भिंतीवर तो लावण्यापेक्षा दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, सुमारे सव्वादोन मीटर उंचीवर, दारातून आत येणारा आडवा जाईल अशा बेताने बसवावा. शरीराची ही उष्णता काचेतून आरपार जात नाही, त्यामुळे सरकत्या काचेच्या आत लावलेला पीआयआर बाल्कनीतील माणसाला ओळखणार नाही.

खोटा इशारा देण्याची सवय याच सेन्सरला अधिक असते. एसीची हवा थेट अंगावर येणारी जागा, दुपारचे ऊन पडणारी भिंत आणि वाऱ्याने हलणारा पडदा टाळावा. भिंगावरून चालत जाणारी पाल हे आणखी एक कारण, आणि डक्टमधून आत येणारी कबुतरे तर ठाण्यात वेगळी सांगायला नकोत. बसवून झाल्यावर ‘वॉक टेस्ट’ चालू करून घरातील एका माणसाने प्रत्येक खोलीत सावकाश, मग भराभर आणि मग भिंतीला लागून चालून पाहावे. सेन्सरवरचा छोटा दिवा जेथे लागत नाही, ती त्याची आंधळी जागा. हे काम तंत्रज्ञ निघून जाण्यापूर्वी करावे. तो गेल्यावर पुन्हा बोलावणे किती कठीण असते, हे सर्वांनाच ठाऊक आहे.

पॅनेल आणि भोंगा

सर्व सेन्सरांचे इशारे कंट्रोल पॅनेलकडे येतात. घरात माणसे असताना केवळ दारे-खिडक्या जाग्या ठेवणारी आणि घर रिकामे असताना पीआयआरही जागे करणारी, अशा दोन स्थिती पॅनेलमध्ये असतात. त्या घरातील आजी-आजोबांनाही वापरता आल्या पाहिजेत. पॅनेल दारातून दिसेल असे लावू नये. दारातून आत आल्यावर कोड दाबण्यासाठी तीस सेकंदांची मुदत साधारणपणे पुरते.

कळवण्याचे मार्ग दोन असतात: वाय-फाय आणि सिमकार्ड. केवळ वाय-फायवर अवलंबून असलेले पॅनेल राउटर बंद पडताच मुके होते, म्हणून दोन्ही मार्ग असलेले पॅनेल घ्यावे. येथे एक बारीक अडचण आहे. बाजारात स्वस्त मिळणारी कित्येक पॅनेले फक्त टू-जीवर चालतात आणि जिओचे जाळे टू-जी देत नाही; अशा पॅनेलमध्ये जिओचे सिम घातले, तर ते कधीच फोन करणार नाही. सिमचा रिचार्ज संपल्याचेही कोणाच्या लक्षात येत नाही, त्यामुळे त्याची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवावी. पॅनेलमध्ये साठवायच्या नंबरांत स्वतःचा, शेजाऱ्यांचा आणि सोसायटीच्या गेटवरील रखवालदाराचा नंबर असावा, कारण बेलापूरच्या घरात भोंगा वाजला आणि आपण लोकलमध्ये कुर्ल्याला असलो, तर पहिले पाऊल तेच उचलणार. पोलिसांसाठी ११२ हा क्रमांक आहे. तो पॅनेलला आपोआप लावू न देता, शेजाऱ्याने किंवा रखवालदाराने खात्री केल्यावर माणसाने लावावा.

भोंगा एक आत आणि एक बाहेर असावा, बाहेरचा हात पोहोचणार नाही इतका उंच. तो काही मिनिटांनी आपोआप थांबेल अशी रचना करून घ्यावी. रात्रभर विनाकारण वाजलेल्या भोंग्याकडे दुसऱ्या वेळी कोणी धावून येत नाही.

कॅमेरे आणि नोंद

कॅमेऱ्याबाबत मेगापिक्सेलची चर्चा फार होते, लेन्सची मुळीच होत नाही. २.८ मिलिमीटरची लेन्स सुमारे शंभर अंशांचा रुंद पट्टा दाखवते, पण दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात चेहरा ओळखू येईल एवढा स्पष्ट तो साधारण तीन मीटरपर्यंतच दिसतो. टॉवरच्या मजल्यावरील दारासमोर एवढे पुरे आहे. रो-हाउसचे फाटक सात-आठ मीटरवर असेल, तर त्यासाठी सहा मिलिमीटरची लेन्स हवी. तिचा पट्टा अरुंद असतो, परंतु चेहरा हाती लागतो.

साठवण किती लागेल, याचा हिशेब घरी करता येतो. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने नोंद करत असेल, तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी जागा लागते. चार कॅमेऱ्यांना ८६ जीबी. म्हणजे १ टीबीची हार्ड डिस्क साधारण अकरा दिवसांत भरते आणि मग जुने चित्रण पुसून त्यावर नवे लिहिले जाते. पंधरा दिवसांसाठी गावी जाणाऱ्यांनी २ टीबीची डिस्क घ्यावी.

वायरचे कॅमेरे की वाय-फायचे, या प्रश्नाचे उत्तर घराच्या भिंती देतात. नव्या टॉवरांत बहुतेक भिंती सलग आरसीसीच्या असतात आणि त्यांतून सिग्नल अडखळतो. शिवाय स्वस्त वाय-फाय कॅमेरे सहसा २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात आणि शंभर घरांच्या इमारतीत त्या पट्ट्यात आधीच दाटी झालेली असते. फर्निचरचे काम चालू असेल, तर कॅमेऱ्यांच्या जागांपर्यंत कॅट-सिक्स केबल टाकून घ्यावी. केबलमधूनच वीज घेणारे कॅमेरे असतील, तर एकाच केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही जातात आणि शंभर मीटरपर्यंत अडचण येत नाही. बाहेरच्या कॅमेऱ्याला धूळ-पाणी रोखण्याचा किमान आयपी-६६ दर्जा असावा. खाडीजवळच्या सेक्टरांत खाऱ्या दमट हवेने कॅमेऱ्याआधी त्याचे जोड गंजतात, म्हणून केबलचे जोड भिंतीवर उघडे न सोडता झाकणाच्या प्लॅस्टिक डबीत बंद करावेत आणि केबल डबीत खालून न्यावी, म्हणजे पाणी तिच्यावरून ओघळत आत शिरत नाही.

कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातील कॅमेरे आणि डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारी यंत्रे) लाखोंच्या संख्येने ताब्यात घेतले, ते न बदललेल्या पासवर्डांच्याच आधारे. तंत्रज्ञाने घातलेला पासवर्ड त्यालाही ठाऊक असतो, हेही विसरू नये. कॅमेरा शेजाऱ्यांच्या दारात किंवा खिडकीत डोकावणार नाही असा वळवावा आणि सोसायटीच्या पॅसेजमध्ये लावायचा असल्यास आधी व्यवस्थापक समितीची लेखी परवानगी घ्यावी.

डीव्हीआरमधील तारीख आणि वेळ महिन्यातून एकदा तपासावी. चोरी झाल्यास चित्रण लगेच पेनड्राइव्हवर उतरवून ठेवावे आणि त्यानंतर डीव्हीआरला हात लावू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. त्याविषयी तपास अधिकाऱ्यांना विचारावे.

गॅस आणि धूर

गॅसगळतीचा डिटेक्टर कोठे लावायचा, हे गॅसवर ठरते. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो, म्हणून डिटेक्टर छताजवळ हवा. सिलिंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड असतो, म्हणून जमिनीपासून वीतभर उंचीवर. सिलिंडर सोडून पाइपची जोडणी घेतली असेल, तर डिटेक्टर त्या वायूसाठीच बनवलेला आहे का, हे तपासून त्याची जागा बदलावी. धुराचा डिटेक्टर स्वयंपाकघरात आणि देवघराशेजारी लावू नये. फोडणी आणि धूप यांनी तो रोज ओरडेल.

वीज, आणि गावी जाण्याची तयारी

चार कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर मिळून पन्नास वॅटच्या आसपास वीज घेतात. घरगुती ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये सहसा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते, तीवर हा भार तासभर चालतो. अधिक वेळ हवा असेल, तर इन्व्हर्टरची जोड द्यावी. राउटर यूपीएसवर घ्यायचे मात्र पुष्कळ जण विसरतात, आणि मग कॅमेरे चालू असूनही मोबाइलवर काहीच दिसत नाही. पॅनेलची बॅटरी तीन-चार वर्षांनी बदलावी.

गणपतीला कोकणात निघताना घराचा मेन स्विच बंद करण्याची आपली जुनी आणि शहाणी सवय आहे, परंतु त्यामुळे तासा-दोन तासांत डीव्हीआर आणि राउटर, आणि बॅटरी उतरली की पॅनेलही बंद पडते. इलेक्ट्रिशियनकडून यंत्रणा आणि राउटर यांच्यासाठी स्वतंत्र एमसीबी (मेन बोर्डातील छोटा स्विच) काढून घ्यावा, त्यावर चिठ्ठी चिकटवावी आणि निघताना तेवढा चालू ठेवून बाकीचे खाली पाडावेत. दार ओढून घेतल्यावर पॅनेल खरोखर जागे झाले आहे का, हे मोबाइलवर पाहावे, आणि एक किल्ली भोंगा बंद करण्याच्या कोडसह विश्वासातल्या शेजाऱ्यांकडे द्यावी.