लेपर्ड गेको खात नसेल तर आधी शेपटी बघा

लेपर्ड गेको म्हणजे घरी पाळतात ती ठिपक्यांची पाल. तो चरबी शेपटीत साठवतो. शेपटी काडीसारखी झाली असेल, तर दुखणं जुनं आहे, डॉक्टरांकडे जायला उशीर नको. पण खायला घालायची घाई करू नका. अंग गार असेल तर किडा पोटात पचत नाही. तो राहतो त्या टाकीच्या एका टोकाला जमीन ३१ ते ३३ अंश ठेवा, दुसरं टोक २५ च्या आसपास. हीट मॅटला, म्हणजे विजेवर तापणाऱ्या चटईला, थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला ती आपोआप बंद करणारं उपकरण) हवाच.

आपल्याकडे डिसेंबरच्या रात्री गारठतात, तेव्हा मॅट लागते. पण मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ वर गेला, की तीच मॅट जिवावर उठते. खोलीच ३५ च्या वर गेली तर मॅट बंद करा आणि टाकी कूलरच्या खोलीत हलवा. थेट झोत मात्र अंगावर नको.

वाळू काढून साधा टिश्यू पेपर अंथरा, विष्ठा लगेच दिसते. ताजी विष्ठा डबीत घेऊनच डॉक्टरांकडे जा, जंत त्यातूनच कळतात. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा.

आणि कपाशीतले नाकतोडे फुकट मिळतात म्हणून पकडून आणू नका. फवारणीचं औषध त्यांच्यासोबत पोटात जातं.