दक्षिण अमेरिकेला निघण्याआधी मुंबईत उरकायची कामं

नोकरीत ब्रेक घेऊन दक्षिण अमेरिका फिरून आल्यापासून ऑफिसातली, ट्रेकच्या ग्रुपमधली मुलं-मुली मला हमखास विचारतात, खर्च किती आला? मी त्यांना आधी दुसराच प्रश्न विचारते. परत आल्यावर नोकरी लागेपर्यंत घर कशावर चालणार? प्रवासाचा खर्च आपल्या हातात असतो. बोलिव्हियात जास्त राहिलात आणि चिलीत कमी, की तो आपोआप उतरतो. परतल्यानंतरचा काळ मात्र आपल्या हातात नसतो. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते वेगळ्या एफडीत टाका आणि उरलेल्या पैशांत प्रवास बसवा. त्यात तीनच महिने बसत असतील, तर तीनच महिने जा.

आमच्या घरी विषय निघाला तेव्हा बाबा ‘जाऊ नकोस’ म्हणाले नाहीत. त्यांनी भिंतीवरचं कालनिर्णय उतरवलं. दुधाचे खाडे लिहिलेले असतात त्याच चौकोनांत माझ्याकडून एसआयपी, टर्म इन्शुरन्स आणि गृहकर्जाच्या हप्त्याच्या तारखा लिहून घेतल्या आणि विचारलं, “यातलं काय थांबवणार, काय चालू ठेवणार?” अर्ध्या तासात चित्र स्पष्ट झालं. एसआयपी काही काळ थांबवता येते. टर्म इन्शुरन्स आणि कर्जाचा हप्ता थांबत नाही.

राजीनामा लिहिण्याआधी बिनपगारी रजा मागून बघा. मिळाली तर परतल्यावर तेच पद मिळणार की नुसती नोकरी, एवढं तरी लेखी घ्या. राजीनामाच द्यायचा असेल तर सेवेची वर्षं मोजा. ग्रॅच्युइटीसाठी साधारणपणे सलग पाच वर्षं लागतात आणि शेवटच्या मूळ पगार अधिक महागाई भत्त्यावर दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार मिळतो. साडेचार वर्षं झाली असतील तर दक्षिण अमेरिका कुठे पळून जात नाही, थांबा. पीएफला हात लावू नका. पाच वर्षांच्या सलग सेवेआधी काढला तर त्यावर कर बसतो. रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवपत्र विमानात बसण्याआधी हातात हवं. पेरूची राजधानी लिमा आपल्या साडेदहा तास मागे आहे. तिथून एचआरला फोन लावायचा म्हणजे रात्री जागायचं.

सगळ्यात जास्त काळजी मेडिक्लेमची घ्या. मुंबईत आपल्यापैकी किती जणांचे आई-वडील आपल्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीवर आहेत! नोकरी सुटली की ते छत्र जातं, आणि साठी ओलांडलेल्या, मधुमेह असलेल्या माणसाला नवी पॉलिसी काढताना जुन्या आजारांसाठी पुन्हा थांबावं लागतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते आणि आधीचा काळ त्यात धरला जातो. तो अर्ज नोकरीच्या शेवटच्या दिवसाआधी द्या. आई-बाबांची पॉलिसी हातात आल्याशिवाय मी तिकीट काढलं नाही, तुम्हीही काढू नका.

अनेकांना वाटतं, वर्षातले सहा-सात महिने बाहेर राहिलो की आपण एनआरआय. परदेशी नोकरीसाठी गेलेल्याचा नियम वेगळा आणि फिरायला गेलेल्याचा वेगळा. गेल्या चार वर्षांत 365 दिवस भारतात असाल आणि त्या आर्थिक वर्षात 60 दिवस, तर करासाठी तुम्ही रहिवासीच. आणि बँकेशी जोडलेलं सिम रोमिंगवर चालू ठेवा, ओटीपीशिवाय स्वतःचेच पैसे हलत नाहीत.

आता लस. येलो फीव्हर भारतात नाही, पण तो पसरवणारा एडिस डास, आपल्याकडे डेंग्यू पसरवतो तोच, घरोघरी आहे. म्हणूनच आपलं सरकार याबाबतीत कडक आहे. ब्राझील, पेरू, बोलिव्हिया, कोलंबिया अशा देशांतून लसीच्या प्रमाणपत्राशिवाय परतलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, मग आयुष्यभर चालतं. ती फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते. मुंबईत जे. जे. रुग्णालय आणि पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशन ही त्यांतली दोन. अंड्याची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. पिवळं कार्ड, म्हणजे तेच प्रमाणपत्र, मिळालं की पासपोर्ट नंबर, तारीख, सही, शिक्का तिथेच उभं राहून ताडून बघा.

व्हिसाचं थोडक्यात. अमेरिकेचा किमान सहा महिने वैध व्हिसा पासपोर्टवर असेल तर पेरू, चिली, कोलंबियाची दारं बरीच सोपी होतात. बोलिव्हियाचं वेगळं बघावं लागतं. नियम बदलतात, म्हणून एजंटच्या फॉरवर्डवर न जाता त्या-त्या दूतावासाचंच पान वाचा. मुंबईहून थेट विमान नाही. अदिस अबाबा, दोहा किंवा दुबईमार्गे साओ पावलोला जाता येतं.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांसाठी पुढचं जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्याला वाटतं, चढायची सवय आहे, अँडीज काय अवघड! आपलं कळसूबाई 1,646 मीटर. पेरूतलं कुस्को शहर 3,400 मीटरवर आहे, बोलिव्हियातलं ला पाझ त्याहून वर, आणि तिथला विमानतळ चार हजारांच्याही वर. कुस्कोच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असतो. पायांत कितीही ताकद असली तरी फुप्फुसांना हे नवीन असतं. कुस्कोत हॉस्टेलच्या दगडी पायऱ्यांवर सॅक घेऊन मी दर आठ-दहा पावलांनी थांबत होते. मागून येणारी मालकीणबाई काही न बोलता माझ्या बाजूने वर गेली आणि मी पोहोचेपर्यंत कोकाच्या पानांचा चहा गाळून ठेवला. त्या संध्याकाळी मी फक्त सूप घेतलं आणि झोपले. पहिल्या दिवशी तेवढंच करायचं.

मुंबईच्या माणसाने थेट ला पाझला उतरू नये. लिमात उतरा, ते समुद्राकाठी आहे. तिथून बसने अरेकिपा, साधारण 2,300 मीटर. तिथे तीन-चार दिवस काढा. मग कुस्को, आणि लगेच खाली सेक्रेड व्हॅलीत उतरून माचू पिचू हे इन्कांचं जुनं शहर, कारण ते कुस्कोपेक्षा जवळजवळ हजार मीटर खाली आहे. त्यानंतर तितिकाका सरोवर, ला पाझ, उयुनीचं मीठवाळवंट. उंचीचा त्रास टाळण्यासाठीची डायमॉक्स गोळी घ्यायची की नाही, हे डॉक्टरांना मुंबईतच विचारा. माचू पिचूची तिकिटं मर्यादित असतात, आधी काढा. तिथे चालत नेणारा इन्का ट्रेल फेब्रुवारीत बंद असतो.

उयुनीहून जीपने चिलीत सान पेद्रोला उतरता येतं. त्या सीमेवर खाण्याच्या वस्तूंची कडक तपासणी होते. फळं, बिया, सुकामेवा, मसाला, सगळं फॉर्मवर लिहा. आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी मी लिहून दाखवली, अधिकाऱ्याने वास घेऊन परत दिली. लिहिलं नाही तर दंड होतो. कोकाची पानं बोलिव्हियातच सोडा.

शाकाहारी असाल तर नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, कोंबडी येते ताटात. कोंबडी नको, मासे नको, हॅम नको, असं एकेक सांगा. त्यासाठी निघण्याआधी चार-पाच महिने स्पॅनिश शिका. त, द आपल्यासारखेच दंत्य, त्यामुळे मराठी जिभेला उच्चार लवकर बसतात. बस स्टँडवर कोणी कपड्यांवर काही सांडलं आणि दुसरा पुसायला धावला, तर थांबू नका; सॅक पुढे घ्या आणि चालत राहा.

रेझ्युमेत ही गॅप लपवू नका. तारखा, ‘करिअर ब्रेक, स्वखर्चाने प्रवास’ आणि स्पॅनिश कुठवर आली ती पातळी, एवढी एक ओळ पुरते. मुलाखतीत ‘पुन्हा जाणार का?’ हे विचारतातच, त्याचं खरं उत्तर तयार ठेवा. तारखा ठरवताना दोन कॅलेंडरं शेजारी ठेवा. आपल्याकडे बऱ्याच कंपन्यांत एप्रिल-मेच्या सुमारास बोनस होतो आणि लोक नोकऱ्या बदलतात. अँडीजमधला कोरडा मोसम मे ते सप्टेंबर, आणि खंडाच्या दक्षिण टोकाकडच्या पातागोनियात फिरायचा मोसम नोव्हेंबर ते मार्च. बोनस घेऊन मेमध्ये निघालात तर अँडीज कोरडे मिळतात. पैसे आणि रजा पुरत असतील तर वर्षअखेरीस पातागोनिया करा आणि मार्चपर्यंत मुंबईत पोहोचा, म्हणजे जागा निघायला लागतात तेव्हा तुम्ही इथे असाल.