पॉइंट्स काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं
गाडी गरम झाली की मिसफायर करायची. पॉइंट्स (ठिणगीसाठी प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) घासून त्यांच्यातला गॅप ०.४ मिमीवर आणला की थोडे दिवस बरं. मग फिरत्या कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजून गॅप कमी व्हायचा आणि टायमिंग मागे जायचं, म्हणजे ठिणगी उशिरा पडायची. शेवटी डिस्ट्रिब्युटरमध्ये (ठिणगी प्रत्येक सिलिंडरला वाटणारा भाग) हॉल सेन्सरचं, म्हणजे चुंबक ओळखणाऱ्या सेन्सरचं, मॉड्यूल आणि चुंबकाची रिंग बसवली. पॉइंट्स, कंडेन्सर काढून टाकले. माझी गाडी निगेटिव्ह अर्थची (बॅटरीचा मायनस बॉडीला जोडलेला), म्हणून लाल वायर कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) प्लसला, काळी मायनसला. उलटी लागली तर मॉड्यूल जळू शकतं! बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलकडे जाणारा व्होल्टेज कमी करणारा) असेल तर लाल वायर त्याच्या आधी जोडा, मॉड्यूलला पूर्ण १२ व्होल्ट मिळायला हवेत. टायमिंग मात्र टायमिंग लाइट लावून नव्याने जुळवावंच लागतं. आयडलिंग आता सुरेख, एकसारखं आहे. इंजिन बंद असताना इग्निशन चालू ठेवू नका; कॉइल आणि मॉड्यूल दोन्ही तापतात.