सेशन्स कोर्टात नव्याने येणाऱ्या ज्युनियरांसाठी

सनद घेऊन फौजदारीत उतरायचं म्हणणारी मुलं-मुली भेटायला येतात, तेव्हा त्यांना युक्तिवाद शिकायचा असतो. मी त्यांच्या हातात दोषारोपपत्र ठेवतो. उभी हयात मुंबईच्या किल्ला कोर्टात आणि काळा घोड्याच्या सत्र न्यायालयात गेल्यावर माझं ठाम मत झालंय, की उलटतपासणी घरी कागद वाचतानाच तयार होते.

वाचायचं ते तारखा जुळवत. जप्तीचा पंचनामा, स्टेशन डायरी, मुद्देमाल रजिस्टर आणि कालिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेला गेलेलं पत्र शेजारी शेजारी मांडा. चाकू पाच तारखेला जप्त झाला आणि वीस तारखेला प्रयोगशाळेत पोचला, तर मधले दिवस तो कुठे होता? पंचनाम्यात लाखेच्या सीलचा उल्लेख आहे का? नसेल, तर रक्ताच्या डागांचा अहवाल कितीही ठळक असो, त्याचं वजन घटतं.

पंचाला मोजकंच विचारा. ‘सह्या पोलीस ठाण्यातच केल्या’ असं तो बोलून गेला, की खाली बसा. आणखी एक प्रश्न टाकलात की तो सारवासारव करणार, आणि हातचं गेलं. हा मोह आवरणं मला सगळ्यात अवघड वाटत आलंय.

ओमिशनचं, म्हणजे पोलिसांकडच्या जबाबात न आलेली पण कोर्टात सांगितलेली गोष्ट पकडण्याचं काम तर नवे वकील हमखास अर्धवट सोडतात. साक्षीदार कोर्टात सांगतो, ‘आरोपीला वार करताना मी पाहिलं.’ पोलिसांनी घेतलेल्या जबाबात ते वाक्यच नाही. त्याच्या तोंडून हे रेकॉर्डवर आणलंत तरी पुरत नाही. तपास अधिकारी साक्षीला आला की त्यालाही विचारायचं, ‘साक्षीदाराने असं तुम्हाला सांगितलं होतं का?’ तो ‘नाही’ म्हणाला, की ओमिशन शाबीत झालं. हा अधिकारी बहुधा शेवटी येतो, मध्ये कित्येक तारखा जातात. म्हणून प्रत्येक साक्षीदाराचा वेगळा कागद करून त्यावर ओमिशन लिहून ठेवा.

1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे आले, पण त्याआधीच्या गुन्ह्यांना जुनी भारतीय दंड संहिताच लागू आहे. त्यामुळे खुनाचं जुनं कलम 302 आणि नवं 103 दोन्ही तोंडी हवेत.

‘गुन्हेगारांना का सोडवता?’ हे लग्नकार्यातही विचारलं जाईल. पोलीस, सरकारी वकील, प्रयोगशाळा असं अख्खं सरकार एका माणसासमोर उभं असताना पुरावा त्याच्या बाजूने तपासणारं कुणीतरी हवंच. मी तरी हे काम याच भावनेने केलं.

पहिली काही वर्षं पैशाची ओढाताण होते. त्या काळात विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर जरूर जा. 1987 च्या कायद्याच्या कलम 12 प्रमाणे कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, आणि तिथे लवकर उभं राहायला मिळतं.

अशील आर्थर रोड तुरुंगात असेल, तर नातेवाइकांच्या निरोपांवर केस चालवू नका, स्वतः जा. पुरावा संपला की फौजदारी प्रक्रियेच्या जुन्या कलम 313 खाली, आता नव्या कायद्याच्या 351 खाली, न्यायाधीश त्याला थेट प्रश्न विचारतात. घाबरून तो सरसकट ‘खोटं आहे’ म्हणतो आणि स्वतःचं म्हणणं मांडायची संधी घालवतो. कोणत्या साक्षीवरून कोणता प्रश्न येईल हे त्याला समजेल अशा भाषेत आधीच सांगा. मुलाखतीला वेळ थोडा मिळतो, मुद्दे लिहूनच न्या.