तुटक्या नेटवर कर्नलचा सोर्स
गावच्या घरी रेंजची एकच कांडी, तीही माळ्यावरच्या खिडकीत. तिथे फोन टांगून लिनक्स कर्नलचा, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याचा, सोर्स कोड गिटने (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारा प्रोग्रॅम) क्लोन करायला, म्हणजे त्याची पूर्ण प्रत उतरवायला लावला. सकाळी बघतो तर ३८ टक्क्यांवर तुटलेला. क्लोन मध्येच तुटला की गिट परत पहिल्यापासून सुरू करतं, हे तिसऱ्या रात्री डोक्यात शिरलं.

क्लोनला ‘डेप्थ १’ हा पर्याय दिला की नुसतं शेवटचं कमिट (नोंदवलेला बदल) येतं, पटकन होतं. पण मला बायसेक्ट करायचं होतं, म्हणजे कुठल्या कमिटने बिघाड आला ते इतिहास अर्धा-अर्धा करत शोधायचं होतं; जुना इतिहास हवाच होता.

शेवटी कर्नल डॉट ऑर्ग या कर्नलच्या साइटच्या सीडीएनवरची (फाइली वाटणाऱ्या सर्व्हरांवरची) ‘क्लोन डॉट बंडल’ ही फाइल घेतली. इतिहासासकट सगळा रेपो, म्हणजे कोडचा साठा, एकाच फाइलीत. डब्ल्यूगेट या डाउनलोडच्या कमांडला ‘-सी’ लावलं की नेट गेलं तरी फाइल थांबली तिथूनच पुढे उतरते. चार रात्री लागल्या, पण उतरली! मग त्या फाइलीवरूनच क्लोन केला, ‘रिमोट सेट-यूआरएल’ या गिटच्या कमांडने ओरिजिनला (रेपो जिथून आला त्या मूळ जागेच्या नावाला) नेटवरचा खरा पत्ता दिला आणि पुल मारला, म्हणजे तिथले नवे बदल ओढून घेतले. आता रोज फक्त नवीन तेवढंच येतं.

ऑफिसात वेगळीच कटकट: ‘गिट’ने सुरू होणारे पत्ते ज्यावरून चालतात तो ९४१८ नंबरचा पोर्टच (नेटवर्कचा दरवाजा) बंद. पत्त्याच्या सुरुवातीचं ‘गिट’ काढून ‘एचटीटीपीएस’ केलं, झालं काम. त्याआधी दोन तास प्रॉक्सीशी (ऑफिसचं नेट ज्यातून जातं त्या मधल्या सर्व्हरशी) झटापट केली, ते सोडा.